आधी सही, मग चौकशी

ती दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली असेल. मे महिना, लग्नसराई, हातात कापडी पिशवी. दुसरं काय वाटणार? हिमायतनगरहून लातूरला यायचं म्हणजे पहाटेची एसटी धरायची, नांदेडला बदलायची आणि भर उन्हात उतरायचं. मी मनात म्हटलं, बाई गं, व्हॉट्सअॅपवर पाठवली असतीस तरी चाललं असतं. तिला आत बसवलं, पाणी दिलं, पंखा मोठा केला. तिनं पाण्याला हात लावला नाही. पिशवीतून एक लिफाफा काढला, त्यातल्या झेरॉक्स माझ्यासमोर ठेवल्या आणि एका पानावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, ही सही तुमचीच हाय ना?"

सही माझीच होती. तीस वर्षं हजेरीपटांवर, गुणपत्रकांवर, पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर घोटलेली सही मी हजारात ओळखीन. त्या सहीच्या वर टाईप केलं होतं की या शिक्षिकेची एम.ए.ची पदवी बनावट असल्याचे सिद्ध झाले आहे, नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वानुसार त्यांना बाजू मांडण्याची पुरेशी संधी देण्यात आली, तिन्ही तारखांना त्या गैरहजर राहिल्या, सबब त्यांची सेवा समाप्त करावी अशी समिती एकमताने शिफारस करते.

यातलं एकही वाक्य मी लिहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं, आणि वाचलं तर त्या क्षणापर्यंत मुळीच नव्हतं.

ती कोण, ते आधी सांगायला हवं. आमच्या संस्थेचं मुख्य कार्यालय लातूरला आणि कनिष्ठ महाविद्यालयं चार-पाच तालुक्यांत. मी लातूरच्या महाविद्यालयात इतिहास शिकवत होते, ती हिमायतनगरच्या. वर्षातून दोनदा-तीनदा विषयाच्या बैठकीत गाठ पडायची. मैत्रीण म्हणावी इतकी जवळची नव्हती, पण बैठकीच्या हॉलमध्ये शिरल्यावर जिच्या शेजारची खुर्ची मी शोधायचे ती तीच. कमी बोलणारी, वेळेच्या आधी येणारी, पेपर तपासताना अर्ध्या गुणासाठी पाच मिनिटं विचार करणारी. निवृत्तीला तीनेक वर्षं राहिली होती तिची. माझी तर सव्वा वर्षानं होती.

आणि आता चौकशी समितीवर मी कशी गेले ते. हे आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

हिवाळ्यात एके दिवशी संस्थेच्या सचिवांचा फोन आला. सचिव म्हणजे डाळमिलवाले. कपाळावर भस्म, बोलणं मऊ, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. "मॅडम, हिमायतनगरच्या एका मॅडमची चौकशी लावलीय. डिग्रीचं मॅटर हाय. कमिटीत एक लेडीज पायजे म्हणून तुमचं नाव घातलंय. लई काम न्हाई." मी म्हटलं, बरं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. संस्थेत एवढ्या बायका असताना आपलंच नाव घातलं, म्हणजे आपण कुणीतरी आहोत. नवऱ्याला तर चहा पिताना दोनदा सांगितलं.

समितीत तिघं. अध्यक्ष म्हणून औशाचे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या हाताखाली मी सुरुवातीची सात वर्षं काढलेली, त्यांच्यासमोर अजूनही मी खुर्चीच्या टोकावर बसते. मी दुसरी. आणि तिसरे स्वतः आप्पा. ज्यांनी चौकशी लावली तेच चौकशीत बसले, यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. घरचं कार्य म्हटल्यावर घरचाच माणूस पुढे असणार, इतकं ते आम्हाला साधं वाटलं.

पहिली बैठक मिलच्या मागच्या कार्यालयात झाली. तुरीचा भुसा उडत होता, उपमा आला, चहा आला. हेडक्लार्कनं फाईल उघडून वाचून दाखवलं: एक निनावी अर्ज आला आहे की या बाईंची एम.ए.ची डिग्री बोगस आहे. संस्थेनं विद्यापीठाला पडताळणीसाठी पत्र लिहिलं. विद्यापीठाचं उत्तर आलं की सदर बैठक क्रमांकाची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.

"बाई तर चांगली वाटायची," अध्यक्ष, म्हणजे आमचे सर, म्हणाले.

"तेच तर म्हन्तो सर," आप्पा म्हणाले, "आजकाल कुनाच्या कपाळावर काय लिवलंय का?"

मी मान हलवली. एवढंच माझं योगदान. ते उत्तर हातात घेऊन वाचावं, कुठल्या विद्यापीठाचं आहे ते पाहावं, निदान ती डिग्री तरी एकदा समोर ठेवा म्हणावं, हे मला सुचलं नाही. वर्गात दोन पोरांत मारामारी झाली तर दोघांनाही उभं करून, आधी तू बोल, आता तू, असं विचारणारी मी. शिक्षिकेला मात्र विचारलं नाही.

मग हेडक्लार्कनं इतिवृत्ताची नोंदवही पुढे केली. आमच्याकडे याची एक रीत आहे. बाहेरच्यांना ती विचित्र वाटेल, आम्हाला ती हवेसारखी सवयीची. बैठक कुठलीही असो, पालक समितीची, खरेदीची, परीक्षेची, सह्या आधी होतात आणि मजकूर मागाहून लिहिला जातो. लोक लांबून येतात, परतीची गाडी असते, मजकूर नीट लिहायला वेळ लागतो. म्हणून आधी सही. आणि जो मजकूर मागतो, थांबून वाचतो, मग सही करतो, तो माणूस आमच्यात वाकडा ठरतो. "का सर, आमच्यावर इश्वास न्हाई का?" एवढं विचारलं की तो बिचारा खजील होऊन पेन काढतो. मी कधीच वाकडी नव्हते. माझा तो अभिमानच होता.

"मॅडम, इथं, इथं आन् इथं," हेडक्लार्क म्हणाले. "पुढच्या दोन तारखा पडतील, तुमाला कशाला परत तरास. परीक्षेचे दिवस हायेत."

तीन कोरी पानं होती. वर तारखेची जागाही मोकळी. सरांनी केली, आप्पांनी केली, मी केली. परत जाताना रिक्षात मला हलकं वाटत होतं, काम संपल्याचं.

त्यानंतर मार्चमध्ये बारावीच्या पेपर तपासणीची बैठक नांदेडला झाली. हॉलमध्ये शिरले, तर शेजारची खुर्ची तिनं माझ्यासाठी धरून ठेवलेली. मला जरा अवघडल्यासारखं झालं. चौकशीची एक मेंबर आणि जिची चौकशी ती, मांडीला मांडी लावून! पण उठून दुसरीकडे बसणंही बरं दिसेना. दिवसभर आम्ही आदर्श उत्तरपत्रिकेवर काथ्याकूट केला, तिसऱ्या प्रश्नाला दोन गुण द्यायचे की तीन यावर भांडलो. दुपारी तिनं डबा उघडला आणि न विचारता माझ्या झाकणात धपाटं ठेवलं, वर ठेचा. मी खाल्लं. चवीनं खाल्लं.

त्या दिवसात तिनं दोनदा विषय काढला. एकदा हात धुताना, एकदा बसस्टँडच्या वाटेवर. "मॅडम, ते माझ्या डिग्रीचं कायतरी चालू हाय म्हणं, आमचे प्राचार्य सांगून राहिले..."

मी दोन्ही वेळा तिला तोडलं. "बाई, ते राहू द्या. मी समितीत आहे, मला त्यावर बोलता येत नाही. तुम्हाला बोलावतील, तेव्हा सगळं सांगा."

तिनं लगेच विषय सोडला. "बरं बरं. तुमची अडचण न्हाई करत मी." आणि मी बसमध्ये बसल्यावर स्वतःवर खूश. वा, काय तो निःपक्षपातीपणा! न्यायाधीशाच्या वरताण.

त्या मे महिन्याच्या दुपारी माझ्या बैठकीच्या खोलीत तिनं त्याच तारखेवर बोट ठेवलं.

"मॅडम, इथं लिवलंय की ह्या दिवशी सकाळी अकरा वाजता लातूरला तुमी तिघंबी हजर होता आन् मी गैरहजर होते." ती थांबली. रडत नव्हती, आवाजही चढला नव्हता. "ह्या दिवशी अकरा वाजता आपण दोघी नांदेडला होतो. तुमी माझं धपाटं खाल्लं."

मी तारीख पुन्हा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. आयुष्यात मी घाबरले आहे, चिडले आहे, पण असं कधी झालं नव्हतं की माझ्याच हाताची सही मला सांगते आहे, तू तिथे होतीस, आणि समोरची बाई सांगते आहे, तू माझ्याजवळ होतीस, आणि दोन्हींपैकी खरी ती बाई.

"नोटीस?" मी कसंबसं विचारलं.

"मला एकबी आली न्हाई. हितं लातूरच्या हापिसच्या बोर्डावर लावली म्हणे. मी तिकडं हिमायतनगरला. मी आपली वाट बघून राहिले, आज बोलावतील, उद्या बोलावतील. तुमीच म्हणाला होता, बोलावतील म्हणून."

मग तिनं तिसरं पान काढलं. "आन् हे वाचा." मी वाचलं. 'अपचारी यांच्या वाहन परवान्याची प्रत सोबत जोडली आहे.' अपचारी म्हणजे जिची चौकशी ती.

"वाहन परवाना?"

"मला सायकलसुद्धा येत न्हाई मॅडम."

आम्ही दोघी त्या ओळीकडे बघत बसलो. दुसरं कुणी असतं तर हसू आलं असतं. आम्हाला आलं नाही.

आणि तेव्हा कुठे, सगळं होऊन गेल्यावर, कामावरून काढल्याचा कागद हातात आल्यावर, मी तिला तो प्रश्न विचारला. "बाई, मग डिग्रीचं नेमकं काय आहे?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं.

"आपल्या भागाला नवं विद्यापीठ झालं ते कधी, मॅडम? मी पास झाल्यावर. माझी डिग्री जुन्या विद्यापीठाची. संस्थेनं पत्र लिवलं नव्याला. ते म्हणले, आमच्याकडं नोंद न्हाई. खरंच म्हणले की ते. त्यांच्याकडं कुठून असंल?"

दोन वाक्यांचं उत्तर होतं. हात धुताना देऊन झालं असतं.

मी उठले आणि आतल्या कपाटातून माझी स्वतःची एम.ए.ची डिग्री काढली. जुन्या विद्यापीठाची. सरांची त्याहून जुनी, म्हणजे तीही तिथलीच. ज्या पत्राच्या उत्तरानं तिला बनावट ठरवलं, त्याच पत्रात माझा नंबर घालून पाठवला असता तर मीही बनावट. आमच्या वयाचे सगळे मास्तर, या दोन जिल्ह्यांतले, एका पोस्टाच्या तिकिटात बोगस झाले असते. अशी शंभर माणसं रोज आमच्या कॉलेजांत फळ्यासमोर उभी राहतात. पत्र वाचून दाखवणाऱ्याला कळलं नाही, ऐकणाऱ्या तिघांना कळलं नाही. मी तर इतिहास शिकवते! अमकी राजवट कधी सुरू झाली, तमकी कधी संपली, हे पोरांकडून घोकून घेते.

ती चहा न पिता गेली. जाताना म्हणाली, "गावात पोरं 'बोगस मॅडम' म्हणून राहिलीत. सतरा-अठरा वर्षांची पोरं, माझ्याच हाताखालची. वकील केलाय. त्यांनी विचारलं, तुमच्या बाजूनं कोण हाय? मी म्हणलं, माझ्या बाजूला त्या दिवशी एक मॅडम बसल्या होत्या."

मी संध्याकाळीच आप्पांना फोन लावला. मला वाटलं होतं, ते दचकतील. त्यांनी मला समजावलं, लेकीला समजावतात तसं. "कशाला मनाला लावून घ्यायलाव मॅडम? ही प्रोसिजर असतीय. सगळीकडं असंच असतंय. आन् सर हायेत, तुमी हाव, शिकलेली मानसं. तुमी बघितलंच असंल म्हनून तर म्या सही केली. म्या डाळवाला मानूस, मला डिग्रीतलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी औशाला गेले. सर ओसरीत पेपर वाचत होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "अगं, आप्पा संस्थेचे माणूस, त्यांनी कागद पाहिले असतील. आणि तू विषयाची. मला वाटलं, तू वाचलं असशील."

"मला वाटलं, सर, तुम्ही वाचलं असेल."

ज्या माणसानं मला शिकवलं होतं की उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान उलटल्याशिवाय बेरीज करायची नाही, तो माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. मला त्यांचा राग येईना, तेच जास्त भयंकर वाटलं. आप्पा आमच्या भरवशावर, सर आप्पांच्या आणि माझ्या, मी सरांच्या. मग लिहिलं कुणी? एकमतानं शिफारस केली ती कुणाच्या मतानं?

ते हेडक्लार्कनी सांगितलं. मी कार्यालयात जाऊन विचारलं, तर त्यांनी काही लपवलंही नाही. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही दिसतच नव्हतं. "मागं आपल्या स्कूलबसच्या डायवरची चौकशी झाली होती न्हाई का, मॅडम? त्याचं मॅटर कम्प्युटरवर होतं. त्याच्यात नाव बदललं, तारखा टाकल्या, डिग्रीचं टाकलं. ते परवान्याचं तेवढं राहून गेलं वाटतं." आणि मग काळजीनं, "दुरुस्ती पत्रक काढू का?"

मला ओरडायचं होतं. त्या बाईची तीस वर्षांची नोकरी गेली ती एका ड्रायव्हरच्या जुन्या कागदात, आणि हा माणूस मला दुरुस्ती पत्रक काढू का विचारतो! पण ओरडणार कुणावर? त्याच्याकडे तीन जबाबदार माणसांच्या सह्या होत्या. त्यानं त्यांच्या वर मजकूर भरला. त्याचं काम त्यानं चोख केलं होतं. खोटा म्हणावा तर तो निनावी अर्ज करणारा, आणि त्याचा पत्ता आजतागायत कुणाला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे फास ओढणाऱ्या तिघांतली एक मी होते.

यानंतर मी लगेच तिच्या वकिलाकडे गेले असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेले नाही. दहा दिवस गेले नाही. माझ्याकडे नांदेडच्या बैठकीचं उपस्थिती प्रमाणपत्र होतं, सही-शिक्क्याचं, तिच्याकडेही होतं. तिच्या एकटीच्या प्रमाणपत्रानं एवढंच ठरत होतं की ती लातूरला नव्हती, आणि ते तर इतिवृत्तातच लिहिलं होतं, गैरहजर म्हणून. बैठक झालीच नाही हे सांगायला समितीतलंच कुणीतरी हवं होतं. ते प्रमाणपत्र मी दिलं, की त्याच कागदानं मी खोट्या इतिवृत्तावर सही करणारी ठरत होते. निवृत्ती तोंडावर आलेली. नवरा म्हणाला, "तुला कुणी काही विचारलंय का? मग हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?" चुकीचं नव्हतं त्याचं. रात्री नाही, भर दिवसा, भाजी निवडताना माझे हात थांबायचे. आपण फार चांगल्या आहोत अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. ती दहा दिवसांत पार उतरली. मी भित्री आहे, हे मला छप्पन्न-सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

अकराव्या दिवशी गेले. काही थोर विचार करून नाही. सकाळी कॉलेजात आमच्या शिपायानं रजेचा अर्ज पुढे केला, "मॅडम, सही," आणि माझा हात पेन घेऊन कागदावर टेकला, वाचण्याच्या आधी. मी तो हात मागे घेतला आणि मला इतकी भीती वाटली की मी रिक्षा करून थेट वकिलाकडे गेले आणि शपथपत्र केलं. ते मात्र तीनदा वाचलं. वकील कंटाळले.

न्यायाधिकरणात पंखे फिरत होते आणि बाहेर वकिलांच्या गाड्यांची गर्दी. मला वाटलं होतं, फार वेळ चालेल. पाच मिनिटंही लागली नसतील.

"ही सही आपली?"

"हो."

"या तारखेला आपण कुठे होता?"

"नांदेडला. पेपर तपासणीच्या बैठकीला."

"मग इतिवृत्तावर हजर म्हणून सही कशी?"

"पान कोरं होतं. आधीच करून घेतली होती."

पीठासीन अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण शिक्षिका आहात?"

"हो."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मागच्या बाकावर ती बसली होती. मी वळून पाहिलं नाही.

निकाल तिच्या बाजूनं लागला. बाजू ऐकून न घेता, ज्या बैठका झाल्याच नाहीत त्यांच्या आधारे, चुकीच्या ठिकाणच्या पत्रावरून केलेली कारवाई म्हणून ती रद्द. पुन्हा कामावर घ्या. जुन्या विद्यापीठाला पत्र गेलं तेव्हा तीन आठवड्यांत तिची नोंद आलीसुद्धा, दुसऱ्या श्रेणीची, व्यवस्थित. मलाही संस्थेची नोटीस आली. गंमत बघा, ती मात्र रजिस्टर पोस्टानं, घरच्या पत्त्यावर, म्हणणं मांडायला पूर्ण मुदत देऊन. मी लिहून दिलं, चूक मान्य आहे. सक्त ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली. आप्पा अजून सचिव आहेत. भेटले की मऊ बोलतात.

पुढच्या पावसाळ्यात, निवृत्त झाल्यावर, मी हिमायतनगरला गेले. माफी मागायची होती. फोनवर ती मागता येईना. तिचा तास चालू होता म्हणून शिक्षकांच्या खोलीत बसले. खिडकीतून तिचा आवाज येत होता, तोच, न चढणारा. घंटा झाली, ती आली, मला बघून थबकली, मग शेजारची खुर्ची ओढून बसली. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं हातानं थांबवलं आणि पर्स उघडली. आतून प्लास्टिकच्या कव्हरातला घडी केलेला जाड कागद काढला.

"मूळ प्रत हाय. रोज आणते," ती म्हणाली.

"रोज? आता कशाला? निकाल लागलाय बाई. आता कोण विचारणार आहे?"

"कुणी न्हाई विचारत," ती म्हणाली. "तवाबी कुणी न्हाई विचारलं."

तिनं तो कागद माझ्या हातात दिला. घडीवर तो झिजायला लागला होता. बैठका झाल्या होत्या, अहवाल झाला होता, तिची नोकरी जाऊन परत आली होती, मी शपथेवर साक्ष दिली होती, आणि ज्याच्यावरून हे सगळं झालं तो कागद मी तोपर्यंत एकदाही पाहिलेला नव्हता.

"वाचा," ती म्हणाली.

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ती समोर बसून राहिली, माझं वाचून होईपर्यंत.